हरलो तर कशामुळे हरू?

मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री चाहते दोन प्रकारचे असतात. एक म्हणतात, "आपणच जिंकणार." दुसरे म्हणतात, "जिंकू, पण आपली डावी बाजू उघडी पडतेय." पहिल्यांना टाळ्या मिळतात, दुसऱ्यांना शिव्या. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी नगरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच येतं.) डिसेंबर 2022 मध्ये आमच्या मोहल्ल्यात कांद्याच्या भावापेक्षा जास्त चर्चा मोरोक्कोच्या बचावफळीची होती. ज्यांनी उभ्या आयुष्यात फुटबॉलचा एक अख्खा सामना पाहिला नव्हता, त्यांनाही हकिमी, बोनो, अमराबात ही नावं पाठ झाली होती. कतारच्या विश्वचषकात मोरोक्कोने क्रोएशियाला शून्य-शून्यवर रोखलं, बेल्जियमला 2-0 हरवलं, कॅनडाला 2-1. मग 6 डिसेंबरला स्पेन. स्पेनने हजारच्या आसपास पास केले, चेंडू जवळजवळ सगळा वेळ त्यांच्याच पायात, आणि गोल एकही नाही. पेनल्टीवर मोरोक्को 3-0. चार दिवसांनी पोर्तुगाल, 1-0. पाच सामन्यांत या संघाने फक्त एक गोल खाल्ला होता, तोही स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला. विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला आणि अरब जगातलाही हा पहिला संघ. समोर फ्रान्स, म्हणजे ज्या देशाने 1912 ते 1956 मोरोक्कोवर राज्य केलं, तो.

आता अशा वेळी चहाच्या टपरीवर काय होणार? मुकुंदनगरच्या एका टपरीवर त्या आठवड्यात दोन पक्ष पडले. पहिल्याचं नाव आपण जज्बा पार्टी ठेवू. यात बहुतेक माझ्या वयाचे आणि माझ्याहून मोठे. त्यांचा मुद्दा एका वाक्याचा होता : "इन्शाअल्लाह, अपन जितते." मैदानावर सजदा करणारे खेळाडू, जिंकल्यावर आईबरोबर नाचणारा बूफाल, प्रेक्षकांत बसलेल्या आया. असा संघ हरेलच कसा?

दुसऱ्या पक्षात मुलं होती. त्यांच्यात एक दहावीतला पोरगा, शाळेच्या संघात राइट बॅक खेळणारा. तो म्हणत होता, की कर्णधार साइस पोर्तुगालच्या सामन्यात स्ट्रेचरवरून बाहेर गेलाय, अगेर्द आणि मझरावी तर त्या सामन्यात खेळलेच नाहीत. त्यांच्या जागी जे आले ते चांगले खेळले, डावीकडून अतियात अल्लाहने दिलेल्या चेंडूवरच तर गोल झाला. मग फ्रान्ससमोर जे तंदुरुस्त आहेत त्यांनाच ठेवावं, जायबंदी मोठ्या नावांना ओढून आणू नये. शिवाय हकिमी पुढे धावला की त्याच्या मागे मोकळी जागा राहते, आणि त्या बाजूला एम्बापे आहे. मी पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून इतकं मुद्देसूद बोलणं निबंधाच्या पेपरातही वाचलेलं नाही. कारण, पुरावा, पर्याय, सगळं जागच्या जागी.

जज्बा पार्टीतल्या एका चाचांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू मोरोक्कोवाला है, क्या फ्रान्सवाला?"

सगळे हसले. पोरगाही हसला. पण हा प्रश्न नीट बघा. मुलगा बचावफळीबद्दल बोलतोय आणि त्याला निष्ठेबद्दल विचारलं जातंय.

सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. प्रशिक्षक वालिद रेग्रागुई यांनी नेहमीची चार जणांची बचावफळी बदलून पाच जणांची केली. साइस पट्ट्या बांधून उतरला. अगेर्दचं नाव संघात होतं, पण सराव करतानाच तो बाहेर गेला. पाचव्या मिनिटाला फ्रान्सचा गोल. एकविसाव्या मिनिटाला साइस बाहेर, आणि संघ पुन्हा आपल्या जुन्या मांडणीवर. मध्यंतराला मझरावी बाहेर, त्याच्या जागी तोच अतियात अल्लाह. जुन्या मांडणीवर आल्यावर मोरोक्कोने फ्रान्सला अक्षरशः मागे रेटलं. अल यामिकने उलटी उडी मारून मारलेला फटका खांबाला लागला. पण गोल झाला नाही, आणि 79 व्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा केला.

पोरगा बरोबर निघाला, हे सांगायला मी ही गोष्ट लिहीत नाहीये. प्रशिक्षकाची बाजूही होती. त्याला एम्बापेची भीती होती, आणि आपल्या कर्णधारावर त्याने विश्वास टाकला, यात गैर काय? मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. वर्गात सगळे जागरणाने पेंगुळलेले, पण कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं. त्या मुलांच्या बोलण्यात गद्दार कुणी नव्हता. साइसला त्यांनी दोष दिला नाही, कारण तो अर्ध्या पायावर उतरला हे त्यांना आधीच माहीत होतं. हरण्याचं कारण त्यांनी सामन्याआधी बोलून ठेवलं होतं, त्यामुळे हरल्यावर माणूस शोधायची गरज उरली नाही. आणि जज्बा पार्टी? दोन दिवस पंच कसे विकले गेले यावर बोलत होती.

आमच्याकडे जज्बाचं फार वेड आहे. जुनी माणसं अजून कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगच्या गोष्टी सांगतात. 1934 मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ, आणि मग 1938 पर्यंत सलग पाच वेळा. या गोष्टीत जोश असतो, दुवा असते, गोऱ्यांच्या संघांची जिरवल्याचा आनंद असतो. एक गोष्ट मात्र गळून जाते, ती म्हणजे बूट. त्या काळी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत आणि पावसाळी चिखलात घसरत. या क्लबने ओल्या मैदानासाठी बुटांचा सराव केला आणि लांब लांबच्या प्रांतांतून खेळाडू गोळा केले. कुणीतरी पावसाआधी बसून विचार केला असणार, की चिखल झाला तर आपण कशामुळे हरू. पण बुटांची गोष्ट सांगितली की मजलिस रंगत नाही.

तवक्कुलचा अर्थही आपण सोयीने लावतो. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, या प्रश्नावर पैगंबर साहेबांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव असं सांगितलं, ही गोष्ट मदरशातल्या लहान पोरालाही येते. दहावीच्या परीक्षेआधी मात्र आमच्याच घरांतून मला ऐकू येतं, "सर, बच्चे को मत डराओ, अल्लाह पास करेगा." मी म्हणतो, जरूर करेल, पण पोराला सामासिक शब्द येत नाहीत, त्याचं काय ते आज बघू.

खरा धोका मात्र परीक्षेत नाही. "आपणच जिंकणार" असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि मग हरलो, तर हिशोब जुळत नाही. आपण तर श्रेष्ठ होतो, मग हरलो कसे? कुणीतरी घात केला असणार. आणि घात करणारा शोधताना नजर ज्याच्यावर जाते, तो बहुधा आधीपासूनच थोडा परका मानला गेलेला असतो.

16 जुलै 1950. रिओचं माराकाना मैदान, पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं. ब्राझीलला विश्वविजेता व्हायला उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरे होती. एका वर्तमानपत्राने सामन्याआधीच संघाचा फोटो छापून हेच विश्वविजेते असं जाहीर केलं. पुढाऱ्याने भाषणात खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधलं. पहिला गोलही ब्राझीलने केला. मग उरुग्वेचा घिजिया त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे ब्राझीलच्या डावीकडून, सुटला आणि त्याच्या पासवर बरोबरी झाली. थोड्या वेळाने तो पुन्हा त्याच बाजूने सुटला. गोलकीपर बार्बोसाला वाटलं, मघासारखाच पास देईल, म्हणून तो एक पाऊल पुढे सरकला. घिजियाने थेट गोलमध्ये मारला. 2-1.

एकच बाजू दोनदा फाटली, आणि दोन गोलांच्या मधल्या वेळात तिथे कुणी ठिगळ लावलं नाही. हा मांडणीचा दोष होता, चहाच्या टपरीवरचं पोरगंही सांगेल. पण देशाने मांडणीला दोष दिला नाही. दोष दिला तो मुख्यतः तीन जणांना, बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही काळे. बार्बोसा 2000 साली वारला. त्या एका पावलाची शिक्षा त्याने पन्नास वर्षं भोगली.

हे जुनं झालं म्हणाल, तर 11 जुलै 2021 घ्या. युरो चषकाचा अंतिम सामना, लंडन. चषक घरी येतोय, असं इंग्लंड महिनाभर गात होता. दुसऱ्याच मिनिटाला गोल केल्यावर संघ मागे सरकून बसला, इटलीने बरोबरी साधली आणि गोष्ट पेनल्टीवर गेली. रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. पहिले दोघे सामना संपता संपता, केवळ पेनल्टी मारण्यासाठी मैदानात आणलेले. साका एकोणीस वर्षांचा, त्याला शेवटची पेनल्टी दिली. हे निर्णय प्रशिक्षकाचे. शिव्या मात्र त्या तीन काळ्या मुलांच्या वाट्याला आल्या.

आणि त्याच वर्षी, तीनच महिन्यांनी, आपली पाळी आली.

24 ऑक्टोबर 2021, दुबई, भारत-पाकिस्तान. विश्वचषकांतल्या सामन्यांचा हिशोब तोवर बारा विरुद्ध शून्य होता, आणि सामन्याआधीचं सगळं बोलणं त्या बारावर चाललेलं. काही जाणकार विचारत होते, की हार्दिक गोलंदाजी करणार नसेल तर सहावा गोलंदाज कोण? रात्री दव पडलं तर चेंडू हातात राहील का? पण हे विचारणाऱ्यांचा आवाज जाहिरातींच्या गाण्यात ऐकू आला नाही. शाहीन आफ्रिदीने सुरुवातीलाच रोहित आणि राहुलला बाद केलं, 151 धावा झाल्या, आणि पाकिस्तानने त्या एकही गडी न गमावता काढल्या. भारताच्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नाही, एकालाही नाही. रात्री शिव्या मात्र मोहम्मद शमीलाच, त्याच्या नावावरून. विराट कोहली पत्रकारांसमोर जे कडक शब्दांत बोलला, त्यासाठी मी त्याला कायम सलाम करीन. पण कर्णधाराला ते बोलावं लागलं, हेच दुखणं आहे.

आता मला परत त्या टपरीवर जाऊ द्या. मोरोक्कोच्या सामन्याआधी जी मुलं बचावफळीवर तासभर भांडत होती, तीच मुलं भारत-पाकिस्तान सामन्याआधी काय बोलतात? काहीच नाही. म्हणजे "जितेंगे" म्हणतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. ही मुलं क्रिकेट जास्त खेळतात, जास्त समजतात, भारताच्या अकरांची नावं झोपेतही सांगतील. तरी "आपली मधली फळी कच्ची आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाही. शेजारच्या गल्लीतला त्यांच्याच वयाचा दुसरा मुलगा हेच वाक्य बिनधास्त बोलतो, आणि त्याला लोक क्रिकेटमधला जाणकार म्हणतात. आमचा बोलला तर? चाचांनी हसत विचारलेला प्रश्न तिथे कुणी हसत विचारत नाही.

फुटबॉल आमच्या मुलांना का आवडू लागला, याची कारणं लोक मोबाइल, मेस्सी, सौदीत गेलेला रोनाल्डो अशी सांगतात. असतील. मला त्यात आणखी एक कारण दिसतं. तिथे त्यांना आपल्या आवडत्या संघाची खोट काढता येते. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाऊन बघा. पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची लढत असली की पेठेतला माणूस आपल्याच तालमीच्या स्ट्रायकरला अशा शिव्या घालतो की ऐकवत नाही, आणि तरी त्याच्या तालीमप्रेमावर कुणी बोट ठेवत नाही. (तिथली हुल्लडबाजी मला मान्य नाही, तो वेगळा विषय.) आपल्या माणसाला नावं ठेवण्याचा हक्क ही आपलेपणाचीच खूण असते.

आमच्या जिल्ह्याला हे झहीर खानकडूनही शिकता आलं असतं. श्रीरामपूरचा मुलगा. 23 मार्च 2003 ला जोहान्सबर्गमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिलं षटक त्याने टाकलं. वाइड, नो-बॉल, पंधरा धावा. त्या दिवशी कुंबळेला बाहेर ठेवावं का, नाणेफेक जिंकून गोलंदाजी घ्यावी का, यावर नंतर वर्षानुवर्षं वाद झाले. झहीरने काय केलं? 2006 मध्ये इंग्लंडला वूस्टरशायरकडून एक अख्खा मोसम खेळला, धाव कमी केली, चेंडूवर ताबा आणला. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर अंतिम सामन्यात त्याची पहिली तीन षटकं निर्धाव. त्या स्पर्धेत सर्वाधिक 21 बळी, आफ्रिदीच्या बरोबरीने. शेवटच्या षटकांत धावा गेल्या, तेही सांगायला हवं. पण आमच्याकडे त्याचं कौतुक "नगर जिल्ह्याची शान" इथवरच थांबतं. पंधरा धावांच्या षटकापासून तीन निर्धाव षटकांपर्यंत तो कसा पोहोचला, हे पोरांना कुणी सांगत नाही. सांगायचं तर आधी त्या पंधरा धावा मोजाव्या लागतात.

आणि आपल्या घरातली गोष्टही बोललो पाहिजे, नाहीतर हा लेख दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापुरता उरेल. मार्च 2025 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शमी रमजानच्या दिवसांत पाणी पिताना दिसला, तर एका मौलानांनी त्याला शरियतचा गुन्हेगार ठरवलं. दुबईच्या उन्हात दहा षटकं टाकणारा, प्रवासात असलेला माणूस. त्याच दिवशी त्याने तीन बळी घेतले. चार वर्षांपूर्वी त्याला विचारलं होतं, तू खरा भारतीय आहेस का. आता आपल्यातल्यांनी विचारलं, तू खरा मुसलमान आहेस का. त्याच्या चेंडूच्या शिवणीबद्दल, उजव्या-डाव्या फलंदाजाला तो वेगळं काय टाकतो याबद्दल विचारणारा कुणी दोन्ही वेळा पुढे आला नाही. आमच्या टपरीवर तो प्रश्न विचारणारी चार पोरं आहेत, पण त्यांना चाचा लोक "जादा शाणे" म्हणून गप्प करतात.

म्हणून मी वर्गात एक उद्योग करतो. मोठा सामना असला की आदल्या दिवशी मराठीच्या तासाला दहा ओळी लिहायला देतो. विषय ठरलेला : आपण हरलो तर कशामुळे हरू? "जिंकू" हा शब्द वापरायचा नाही, "नशीब" वापरायचा नाही, खेळाडूच्या जातधर्माचा विषय काढायचा नाही. कारण सांगायचं आणि त्यावर उपाय सांगायचा. फुटबॉलवर मुलं दहाच्या वीस ओळी करतात. मोरोक्कोच्या वेळी एकाने मैदानाचं चित्र काढून बाण दाखवले होते, मराठीच्या वहीत.

22 फेब्रुवारी 2025, शनिवार. दुसऱ्या दिवशी दुबईत भारत-पाकिस्तान. मी तोच विषय दिला आणि वर्ग एकदम शांत झाला. एकाने विचारलं, "सर, इंडिया का भी?" मी म्हटलं, इंडियाचाच. मी वह्या गोळा करून घरी नेल्या. निम्म्या वह्यांत माझा नियम मोडून "आपण जिंकू" एवढंच. एका वहीत पहिली ओळ होती : बुमराह जायबंदी असल्यामुळे सुरुवातीच्या षटकांचा सगळा भार शमीवर येईल आणि दुसऱ्या बाजूचा गोलंदाज नवखा आहे. पुढे उपायही लिहिला होता. फिरकी लवकर आणावी, कारण संघात पाच फिरकी गोलंदाज नेलेत. आणि मग या सगळ्यावर निळ्या पेनाने आडव्या रेघा मारून खाली लिहिलं होतं : भारत माझा देश आहे, भारतच जिंकणार.

दुसऱ्या दिवशी शमीचं पहिलं षटक अकरा चेंडूंचं झालं, पाच वाइड. भारत सहा गडी राखून जिंकला, कोहलीने शतक केलं, आणि ते षटक कुणाला आठवतही नाही.

सोमवारी त्या मुलाला वही परत दिली. खोडलेल्या ओळींना दहापैकी नऊ दिले होते, एक गुण शुद्धलेखनाचा कापला. खालच्या वाक्याला गुण नव्हते, ते विषयाला सोडून होतं. त्याने वही बघितली, आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, ये फेअर करके लाऊं क्या?"